चंद्रासाठी बारा सुरुंग

बोगदा, बुधवार, ५ जून

प्रिय आत्या,

दचकू नकोस, मी भिंगरी. तुझ्या धाकट्या भावाची थोरली. तू इतक्या जवळ आहेस हे मला काल संध्याकाळी कळलं आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत!

झालं असं. आम्ही सहा जण गेले दोन महिने एका भुताच्या मागावर होतो. इथं डोंगरात एक जुना, वापरात नसलेला बोगदा आहे. त्यात चारशे पावलं आत, दगडी ओट्यावर आम्ही एक यंत्र ठेवलंय. त्याला जराही धक्का लागू नये म्हणून आत नुसते पायमोजे घालून चालायचं, शिंक आली तर तोंड दाबून बाहेर पळायचं. एवढं करूनही दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ते पिसाळल्यासारखं थरथरतं. आमच्या प्रमुख बाईंनी आधी माझ्यावरच संशय घेतला, कारण जेवून परतताना मीच धावत येते. शेवटी नकाशा उघडला, तर चौदा किलोमीटरवर दगडाची खाण!

तुमच्या कचेरीला पत्र पाठवलं. काल उत्तर आलं. ‘मंगळवारी व शुक्रवारी सुरुंग उडवले जातात. तक्रार असल्यास लेखी करावी.’ खाली ‘सुरुंगप्रमुख’ आणि सही. ती सही पाहून मी ओरडलेच. शेवटच्या अक्षराची शेपटी थेट कागदाच्या कडेपर्यंत! बाबा फिरतीवर असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची, आणि वर्गबाई दर वेळी विचारायच्या, हा बाण कुणी काढला?

चार वर्षं झाली, आत्या. कुणाच्या लग्नाला नाही, घरी नाही, फोन उचलत नाहीस. बाबा म्हणतात तू रागावलीयस. कशावरून, ते त्यांनाही ठाऊक नाही. ते राहू दे. मी रविवारी येऊ? आणि एक काम आहे. सुरुंग नेमका कितव्या सेकंदाला उडतो, हे तुमच्या नोंदवहीत असतं का? म्हणजे तेवढा भाग आम्हाला गाळता येईल.

तुझी
भिंगरी


खाण कचेरी, शुक्रवार, ७ जून

भिंगरे,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. मी इथं डोंगर फोडते आणि तिकडं तू पायमोजे घालून हिंडतेस, वर दोघी एकाच घरातल्या. तुझा आजोबा असता तर पोट धरून हसला असता.

नोंदवहीत मिनिट असतं, सेकंद नसतो. आम्हाला त्याची गरज पडत नाही. भोंगा वाजतो, माणसं मागे हटतात, लाल निशाण वर जातं, मी बटण दाबते. सेकंद हवा असेल तर चांगलं घड्याळ पाठव.

पण आधी मला सांग, तो डबा आहे तरी कशाचा? माझ्या सुरुंगांवर तक्रार आली ती आजवर भिंतीला तडा गेला म्हणून, म्हैस बिथरली म्हणून. डब्याला त्रास होतो म्हणून पहिल्यांदाच. नीट समजावून लिही. मी दहावीपर्यंतच शिकले, पण दगडाबद्दल मला शिकवू पाहणारे बरेच जण गप्प बसून परत गेलेत.

रविवारी येऊ नकोस. रस्ता वाईट, धूळ मरणाची, आणि मला सुरुंगांच्या नवीन भोकांची आखणी करायचीय. फोनला इथं रेंज नसते. खडीचा ट्रक सकाळी आठच्या आधी तुमच्या वळणावरून इकडे येतो, संध्याकाळी तिकडून परत जातो. ड्रायव्हर भरवशाचा आहे, त्याच्याकडे चिठ्ठी देत जा.

मी कुणावर रागावलेले नाही.

अनेक आशीर्वाद,
आत्या


बोगदा, सोमवार, १० जून

प्रिय आत्या,

तू विचारलंस! आता भोग.

तो डबा चंद्रावर जाणार आहे. म्हणजे जावा म्हणून आम्ही जिवाचं रान करतोय. तो भूकंपमापक आहे, आणि त्याच्यावरून आम्हाला चंद्राच्या पोटात काय आहे ते ओळखायचंय.

बघ ना, माणूस चंद्रावर चालून आला, पण तिथं त्यानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक तीन मीटरच्या आसपास. आणि मध्यापर्यंतचं अंतर सतराशे किलोमीटरांहून जास्त! मग आतलं कळणार कसं? थरथरीवरून. धक्का बसला की त्याच्या लाटा आतून प्रवास करतात. घट्ट दगडात जोरात पळतात, ढिसाळ दगडात रेंगाळतात. त्या दोन जातीच्या असतात. एक पुढे ढकलत जाते, ती आधी पोचते. दुसरी आडवी हलत जाते, ती मागून येते. आणि गंमत म्हणजे ही दुसरी वितळलेल्या पदार्थातून जाऊच शकत नाही. अडते. मरते.

अर्ध्या शतकापूर्वी चंद्रावर गेलेल्या माणसांनी तिथं अशी यंत्रं ठेवली होती. आठेक वर्षं ती चालली. त्यांनी काय काय पकडलं! सात-आठशे, हजार किलोमीटर खोलवर बारीक बारीक धक्के बसतात, त्याच त्याच जागी, साधारण महिन्याच्या हिशेबानं, कारण आपली पृथ्वी त्याला ओढून ओढून मळत असते. त्या लोकांनी काम संपलेले रॉकेटचे जड तुकडे मुद्दाम चंद्रावर आपटले, तर तो तासभराहून जास्त थरथरत राहिला! दगड इतका कोरडा आणि आतून भेगाळलेला की थरथर शमतच नाही.

इतरही वाटा आहेत. तिथं ठेवलेल्या आरशांवर इथून प्रकाश मारतात आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. त्यावरून चंद्र कसा डुलतो ते कळतं. कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं गरगर फिरवून बघ, दोघांची चाल वेगळी असते. चंद्राची चाल सांगते की आत काहीतरी पातळ आहे. दोन उपग्रह एकामागोमाग उडवून कुठे ओढ जास्त, कुठे कमी, तेही मोजलंय. पण ती जुनी यंत्रं सगळी आपल्याकडच्या बाजूलाच होती, त्यामुळे अगदी मधल्या गाभ्याबद्दल जो तो आपापला आकडा सांगतो. आमचा डबा जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी तिखट आहे. तो पोचला तर भांडण मिटेल!

इतकं लिहिलं तरी माझा हात थांबत नाहीये. घड्याळ पाठवते.

तुझी
भिंगरी

ता. क. धुळीला मी घाबरत नाही.


खाण कचेरी, शुक्रवार, १४ जून

भिंगरे,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. क्रशरवाला म्हणाला, चंद्र ओढल्यामुळे समुद्राला भरती येते ते माहीत होतं, पण आपणही त्याला ओढतो हे आज कळलं. मुकादम काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही. पण जेवणाचा डबा उघडायचा विसरला.

आता माझं ऐक. तुम्ही शिकलेली माणसं कधी कधी अगदीच ही असता. माझे सुरुंग गाळता कशाला? वापरा की!

तुमची अडचण मला अशी दिसते. धक्का बसतो, पण तो कुठून निघाला आणि कधी निघाला, ते तुम्हाला उलट अंदाजानं काढावं लागतं. माझ्या सुरुंगाचं सगळं माहीत असतं. जागा माहीत, दारू किती भरली ते माहीत, आणि तुझं घड्याळ आलं की सेकंदही माहीत. मधल्या डोंगरात कुठे काळा दगड, कुठे मुरूम, तेही मी इंचाइंचानं सांगते. मग तुझ्या डब्यानं सांगितलेलं आणि मी सांगितलेलं जुळतं का, ते पाहा. जुळलं तर डबा खरा. त्या लोकांनी चंद्रावर रॉकेट आपटलं ते याचसाठी ना?

एरवी आमची भोकं एकामागोमाग इतकी पटकन उडतात की सगळा मिळून एकच गडगडाट होतो. पण मी अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं उडणारे डेटोनेटर लावू शकते. बारा भोकं, बारा वेगळे ठोके, प्रत्येकात वेगळं वजन. बघ तुझ्या डब्याला झेपतंय का.

आत्या


बोगदा, मंगळवार, १८ जून

आत्या! आत्या! आत्या!

तुझं पत्र मी बैठकीत वाचलं आणि प्रमुख बाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. ‘या बाई आपल्याला आधी का नाही भेटल्या?’ म्हणाल्या. हो, अगदी याचसाठी आपटलं होतं रॉकेट! अगदी याचसाठी!

नऊ जुलैला समिती बसतेय. यानावर जागा एकाच यंत्राची उरलीय आणि दावेदार दोन आहेत. एक आमचा डबा, दुसरा माती उकरणारा एक यांत्रिक हात. त्या हाताचे छान छान फोटो निघतात. आमच्याकडे दाखवायला नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. आता तुझे बारा ठोके दाखवू!

शुक्रवार, २८ जून ठरवू या? घड्याळ सोबत पाठवतेय, ते उपग्रहावरून वेळ घेतं, त्याला किल्ली लागत नाही. तेव्हा तरी मी खाणीवर येऊ का गं? तू बटण दाबताना मला बघायचंय.

तुझी
भिंगरी


खाण कचेरी, गुरुवार, २० जून

भिंगरे,

२८ ठरली. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद. कोणत्या भोकात किती दारू, त्याचा तक्ता मागच्या पानावर.

तू डब्यापाशीच थांब. इथं बाहेरच्या माणसाला परवानगी नसते.

आत्या


बोगदा, शनिवार, २९ जून

प्रिय आत्या,

काल काय सुंदर रेघा आल्या! ठोक्यामागून ठोका, जणू कुणी कागदावर डोंगररांग काढत होतं. पहिला आला तेव्हा आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरले होते. तू मुरुमाच्या पट्ट्याबद्दल लिहिलं होतंस, तो अगदी तू म्हणालीस तिथंच निघाला!

पण एक गडबड आहे. ठोके अकराच आलेत. आठव्यानंतर एक मोकळी जागा आणि मग थेट दहावा. नववा नाही. त्यात तर तू सगळ्यात जास्त दारू भरली होतीस.

डब्यानं एक ठोका गिळला. प्रमुख बाईंचा चेहरा उतरलाय. बारातला एक गिळणारं यंत्र कोण चंद्रावर नेईल? तरी एकदा विचारते, बाराच्या बारा उडाले होते ना?

तुझी
भिंगरी


खाण कचेरी, शनिवार, २९ जून, संध्याकाळ

भिंगरे,

बाराच्या बारा उडाले. मी स्वतः मोजले. एकतीस वर्षं मोजतेय. नंतर जाऊन बघूनही आले, दगड छान सुटलाय. सोमवारी सकाळी पोकलेन लावून ढिगारा उचलायचा आहे.

दोष तुझ्या डब्यात आहे, तिथं शोध. नऊ जुलैला अजून वेळ आहे. रडत बसू नकोस.

आत्या


बोगदा, सोमवार, १ जुलै, सकाळ

प्रिय आत्या,

रडले नाही. कालचा अख्खा रविवार आम्ही बोगद्यात होतो. मी बाहेर तोंडाशी उभी राहून हातोड्यानं खडकावर अर्ध्या अर्ध्या सेकंदानं बारा ठोके मारले. डब्यानं बारा पकडले. पुन्हा मारले, पुन्हा बारा. चाळीस वेळा केलं, माझा खांदा सुजलाय. एकदाही त्यानं एक गिळला नाही!

मग आमच्यातल्या एकाला आठवण झाली की बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला एक जुनं, साधं भूकंपमापक बसवलेलं आहे. त्याचा आमच्या डब्याशी काही संबंध नाही, वायरही वेगळी. त्याची शुक्रवारची नोंद काढली. त्यावरही अकराच, आत्या. नववा तिथंही नाही.

म्हणजे डबा ठीक आहे! पण मग नववा गेला कुठे? मधल्या दगडानं एकाच ठोक्याला अडवलं असेल का? तुझ्या डोक्यात काही येतंय का? आठ दिवस उरलेत आणि मला उत्तर सापडत नाहीये. ट्रक आला, हॉर्न वाजवतोय. थांबते.

तुझी
भिंगरी


खाण कचेरी, सोमवार, १ जुलै, संध्याकाळ

भिंगरे,

दगड उचलून बोटं सोलली आहेत, अक्षर सांभाळून घे.

ड्रायव्हरनं चिठ्ठी दिली तेव्हा सव्वाआठ झाले होते. मी चहा पीत उभी होते. समोर पोकलेन सुरू झालं होतं, ढिगाऱ्याकडे निघालं होतं. ‘त्यावरही अकराच’ इथपर्यंत वाचलं आणि कप हातातून पडला.

तुला कळलं नाही, कारण तो तुझा धंदा नाही. ठोका उडाला आणि दोन्ही यंत्रांनी चुकवला, असं होत नाही. ठोका उडालाच नव्हता. भरलेलं भोक ढिगाऱ्याखाली तसंच होतं, आणि पोकलेनची बादली त्यावर पडणार होती.

मी धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी धावेन असं वाटलं नव्हतं. लाल निशाण घेऊन थेट बादलीसमोर उभी राहिले. चालवणाऱ्यानं यंत्र थांबवलं, बाहेर येऊन काहीतरी ओरडला. चांगलं नसणार ते. मग मुकादम, मी आणि आणखी दोघांनी हातानं दगड बाजूला केले. तास लागला. नवव्या भोकाच्या वायरी दिसल्या. डेटोनेटर मेलेला, दारू मात्र जशीच्या तशी. बादली तिथून चार हातांवर होती.

सगळ्यांना मागे पाठवलं. नियमाप्रमाणे बाजूला अंतर राखून दुसरं भोक पाडलं आणि दुपारी बरोबर चार वाजता दोन्ही एकत्र उडवली. तुझ्या डब्याला आज चारला एक दणका लागला असेल. नववा त्यातच होता.

आता जे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही ते. शनिवारी मी लिहिलं, मी स्वतः मोजले. मी मोजले नाहीत. मला ऐकू येत नाही, भिंगरे. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात थोडं उरलंय. ठोके मी तळपायांनी मोजते, आणि शुक्रवारी आठवा गेल्यावर सवयीनं नऊ, दहा म्हणत गेले.

फोनला इथं चांगली रेंज आहे. तुमच्या घरी शेवटची आले होते तेव्हा सगळे हसले की मी हसायचे, मान हलवली की हलवायचे. तेवढ्यात कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि मी जोरात हसले. सगळ्यांचे चेहरे बघून कळलं, शेजारच्या म्हातारबुवांचं निधन झाल्याचं सांगत होते. तुझा बाबा माझ्याकडे असा बघत राहिला! त्यानंतर नाही आले. म्हणून तुलाही येऊ दिलं नाही. तू भेटली असतीस तर दोन मिनिटांत ओळखलं असतंस.

आज व्यवस्थापकांच्या टेबलावर परवाना ठेवला आणि सगळं सांगितलं. पोकलेनवाल्याला दोन लहान मुलं आहेत. हे लपवून ठेवण्यासारखं नाही.

सोबत वेगळा कागद आहे. खाणीच्या छापील कागदावर, शिक्क्यासह. ‘२८ जूनला नववा सुरुंग उडाला नाही. यंत्राची नोंद बरोबर होती, माझी चूक होती.’ हा समितीपुढे ठेव. समितीपुढे ठेव, खाली दोनदा रेघ मारलीय. माझी दया म्हणून फायलीत दडवलास तर प्रगतिपुस्तकावर सही मिळणार नाही.

आत्या


बोगदा, बुधवार, १० जुलै

प्रिय आत्या,

आपण चंद्रावर चाललोय!!

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं आणि ते तुझ्या दारात उभे राहिले, त्या रविवारी काय काय झालं ते त्यांनी मला सांगितलंय. ते एवढे रडतील असं वाटलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जायचं तू कबूल केलंस, म्हणून मी त्याबद्दल इथं काही लिहीत नाही. समितीचं सांगते.

त्या यांत्रिक हाताच्या माणसानं पहिलाच प्रश्न टाकला. ‘बारापैकी एक धक्का यांच्या यंत्राला कळला नाही, खरं ना?’ मी दोन नोंदी पुढे केल्या. दोन्ही यंत्रांवर अकरा, आणि सोमवारी चारचा दणका. तो म्हणाला, पण बारा उडवले असं लेखी आहे ना? तुझा कागद माझ्या फायलीत होता. खरं सांगते, काढायला हात होईना. त्या एका कागदानं तुझी एकतीस वर्षं लोकांपुढे उघडी पडणार होती. मग ती दोनदा मारलेली रेघ आठवली, आणि मी उभी राहून तो कागद वाचला, पोकलेनचंही सांगितलं.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘म्हणजे चौदा किलोमीटरवरून, डोंगरापलीकडून, या यंत्रानं सांगितलं की एक सुरुंग शिल्लक आहे?’ मी म्हटलं, हो. ‘आणि माणसं वाचली?’ मी म्हटलं, हो. दुसऱ्या एकांनी विचारलं, ‘या बाई आता काय करतात?’ मी म्हटलं, माझी आत्या आहे, पुढच्या महिन्यापासून नव्या सुरुंगवाल्यांना शिकवणार आहे. मुकादमानंच तसं सुचवलं म्हणे. तो बोलला! दहा मिनिटांत निकाल लागला.

तुझी
भिंगरी


नियंत्रण कक्ष, मंगळवार, २४ मार्च

प्रिय आत्या,

समितीच्या त्या दिवसाला पावणेदोन वर्षं होत आली. डबा जानेवारीत उतरला, व्यवस्थित चालू झाला, हे तुला फोनवर सांगितलंच. (तुझ्या कानात यंत्र बसलं तरी तुझ्याशी फोनवर बोलता येतं याची मला अजून सवय झालेली नाही.) पण आजचं फोनवर नाही सांगणार. हे कागदावरच हवं.

आमच्या डब्याला घेऊन गेलेलं यान त्यानंतर चंद्राभोवती फिरत होतं. इंधन संपत आलं होतं. २७ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही ते मुद्दाम आपटलं, चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला, डब्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला! जागा माहीत, वजन माहीत, सेकंद माहीत. म्हणजे लाटेला डब्यापर्यंत सरळ यायचं तर एकच वाट होती, चंद्राच्या ऐन मधून.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. पाचव्या मिनिटाला प्रमुख बाई उठून खिडकीपाशी गेल्या. पावणेआठ मिनिटं झाली आणि रेघ हलली. इतकी बारीक, की कुणीतरी म्हणालं, कुणाचा पाय लागला का? चंद्रावर कुणाचा पाय लागणार! मी इतकी जोरात हसले की शेजारचा दचकला. ती पहिली लाट होती, ढकलत जाणारी. सतराशे किलोमीटर खाली जाऊन, तेवढंच वर येऊन पोचलेली.

मग आम्ही दुसरीची वाट पाहू लागलो, आडवी हलणारीची. आत सगळं घट्ट असतं तर ती तेरा-चौदा मिनिटांनी यायला हवी होती. पण चंद्र इतका वेळ थरथरत राहतो की त्या गढूळ रेघांतून काहीच उमगेना. तीन आठवडे आम्ही तो गाळ उपसला. तीन वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांना न विचारता. आज सकाळी तिघांचे कागद टेबलावर एकत्र ठेवले.

ती आलीच नाही, आत्या. तिन्ही कागदांवर नाही. ती वाटेत कुठेतरी अडली.

म्हणजे आतमध्ये वितळलेलं आहे! आरशांवरून, डुलण्यावरून लोक म्हणत होतेच, पण थेट मधून जाऊन कुणी पाहिलं नव्हतं. आपण पाहिलं. आता त्याचा आकार काढायचा, मग आणखी आत घट्ट गोळा आहे का ते शोधायचं. वर्षानुवर्षांचं काम पडलंय. मला इतका आनंद झालाय की मी जिन्यावरून तीनदा विनाकारण वरखाली केलं.

तुझी
भिंगरी


खाण, प्रशिक्षण खोली, गुरुवार, २६ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं. सतरा पोरंपोरी शिकायला आहेत, सगळ्यांच्या माना पुढे. पावणेआठ मिनिटांवर आले तेव्हा मी मुद्दाम थांबले आणि पाणी प्यायले. ओरडायला लागली पोरं, ‘बाई, पुढे वाचा ना!’ मी ते ओरडणं ऐकलं. नीट, प्रत्येकाचं वेगळं.

‘ती आलीच नाही’ म्हटल्यावर एक मुलगी खट्टू झाली. तिला वाटलं, तुमचा बार फुसका गेला. मी फळ्यावर गोळा काढून समजावलं. अर्ध्या मिनिटानं तिच्या डोळ्यांत जे उजाडलं ना, ते तू बघायला हवं होतंस. मग वर्गाचा नुसता बाजार झाला. क्रशरवाला दारात उभा राहून ऐकत होता, तोही आत येऊन भांडू लागला. शेवटी मुकादम येऊन म्हणाला, ‘मलाही दाखवा.’ त्याच्यासाठी सगळं पहिल्यापासून काढलं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी रजा टाकलेली असेल. नऊ वर्षांतली पहिली. शनिवारी सकाळच्या बसनं निघते, दुपारपर्यंत पोचेन. तुझा बाबा घ्यायला येतो म्हणालाय. तीन दिवस राहीन, जमिनीवर गादी टाकलीस तरी चालेल. मला ते तिन्ही कागद बघायचेत, आणि तुझ्या प्रमुख बाईंनाही भेटायचंय. त्यांना सांग, वेळ काढून ठेवा, मी प्रश्न लिहून आणतेय. सध्या सतरा झालेत, बसमध्ये आणखी सुचतील.

पहिला आत्ताच विचारते, म्हणजे त्यांना तयारी करता येईल. पृथ्वीपुढे एवढासा तो गोळा, वरून इतका थंडगार, आणि एवढा काळ लोटला. मग तो आतून अजून थिजला कसा नाही?

येतेच.

आत्या